नव्यानं जुळवलेल्या जावाची पहिली फेरी

जुनी गाडी स्टँडवर चालू झाली की लोक लगेच अभिनंदन करायला लागतात. मोबाईल निघतात, व्हिडिओ होतात, कुणीतरी उगाच रेस पिळतं आणि सगळे धुरात उभे राहून हसतात. मला या सोहळ्यात फारसा रस नसतो. स्टँडवर चालू झालेलं इंजिन एवढंच सांगतं की पेट्रोल येतंय, स्पार्क पडतोय आणि कॉम्प्रेशन बरं आहे. माणूस वर बसून गाडी गिअरमध्ये पडल्यावर क्लच काय करतो, ब्रेक दाबल्यावर पुढच्या काट्यात खट्ट होतं का, इंजिन पुरतं तापल्यावर पिस्टन सिलेंडरमध्ये कसा वागतो, यातलं काहीच तिथे कळत नाही. म्हणून 'गाडी तयार झाली का?' असं कुणी विचारलं की मी 'जोडून झाली' असं उत्तर द्यायचो. तयार झाली की नाही ते रस्ता ठरवणार होता.

गाडी म्हणजे जावा २५०, ३५३ जातीची, म्हैसूरच्या कारखान्यातली. फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये प्रागमध्ये सुरू केलेल्या कंपनीची ही गाडी आपल्याकडे १९६१ पासून म्हैसूरला बनू लागली, पुढे येझदी या नावानं निघाली आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद झाला. एकच सिलेंडर, टू-स्ट्रोक, बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) ६५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ७५. सिलेंडर एक असला तरी सायलेन्सर दोन, कारण एक्झॉस्टची तोंडंच दोन आहेत. चेन पूर्ण झाकलेली. आणि या गाडीची खरी ओळख असलेला तो एकच लिव्हर, जो किकही आहे आणि गिअरही.

माझ्या हातात आली तेव्हा इंजिन जाम होतं आणि टाकीत गंजाची भुकटी होती. सिलेंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवला, क्रँक उघडून कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगं बदलली, ऑइल सील नवे टाकले. टाकी आतून साफ केली, वायरिंग सगळं नवीन ओढलं, रिम आणि स्पोक बदलले, ब्रेकला नवे लायनर आले. मरून रंग झाला, टाकीच्या बाजूंना क्रोम झालं. या कामाची रड आणि मजा वेगळी आहे, ती इथे नको. मात्र एक गोष्ट तेव्हाच लक्षात यायला लागली होती आणि पहिल्या फेरीनं ती पक्की केली. जुन्या गाडीत पहिल्या दिवशी दगा देतं ते बहुतेक वेळा नवीन सामान. जुना भाग साठ वर्षं टिकून दाखवून बसलेला असतो. नवीन भाग अजून कशालाच सामोरा गेलेला नसतो, आणि तो चकचकीत असल्यामुळे त्याच्यावर संशयही येत नाही.

रंगाचंच घ्या. फ्रेम झकास रंगवली की विजेचं अर्थिंग बोंबलतं, कारण बोल्टखाली धातूऐवजी रंगाचा थर येतो. माझा हॉर्न असाच मुका होता. वायर बरोबर, बॅटरी भरलेली, हॉर्न थेट जोडला की ओरडतो, गाडीवर लावला की गप्प. ज्या कानाला अर्थची वायर बसते तिथला रंग सँडपेपरनं खरवडला आणि हॉर्न बोलला. इतक्या सुंदर रंगावर स्वतः सँडपेपर चालवायला जिवावर येतं, पण सहा व्होल्टच्या गाडीला असले लाड परवडत नाहीत. सहा व्होल्टमध्ये प्रत्येक सैल, रंगलेला, गंजलेला सांधा आपला वाटा खातो, आणि शेवटी दिव्यापर्यंत पोचतं ते अगदी पिवळट काहीतरी. पहिली फेरी सकाळच्या उजेडात ठेवली त्यामागे हेही एक कारण होतं.

आदल्या संध्याकाळी नेहमीची तपासणी केली. टायरची हवा, एक्सलचे नट, हँडल डावीकडून उजवीकडे सहज फिरतं का आणि केबल कुठे ताणली जाते का, स्पार्क पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप ०.४ मिलिमीटर. मागचं चाक हातानं फिरवून ब्रेक घासतोय का ते ऐकलं. गिअरबॉक्समधलं तेल पाहिलं. या गाडीत क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, त्यामुळे तिथे भलतंसलतं तेल चालत नाही.

पेट्रोलच्या मिश्रणावर मात्र बराच वेळ गेला. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला, रिंगांना आणि क्रँकच्या बेअरिंगांना तेल मिळतं ते पेट्रोलमधूनच. वेगळा तेलपंप नाही, वेगळी टाकी नाही. या जावाचं नेहमीचं प्रमाण २५ ला १, म्हणजे लिटरमागे ४० मिली. नव्या पिस्टनच्या रनिंग इनसाठी, म्हणजे सुरुवातीला जपून चालवून तो घासून बसवण्यासाठी, मी २० ला १ धरलं, म्हणजे लिटरमागे ५० मिली. यावर लगेच कुणीतरी सल्ला देतोच की 'नवीन बोअर आहे ना, मग अजून थोडं ओत, तेलानं काय बिघडतंय?' बिघडतं. तेल वाढवलं की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी होतं. कार्ब्युरेटरच्या जेटमधून जाणारं प्रमाण तर तेच राहतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, मिश्रण लीन होतं आणि इंजिन जास्त तापतं. ज्या भीतीनं तेल वाढवायचं, तीच भीती त्यातून खरी होऊ शकते. म्हणून मोजपात्र घेतलं, कॅनमध्ये आधी थोडं पेट्रोल, मग तेल, हलवून मग उरलेलं पेट्रोल. टाकीत थेट तेल ओतून गाडी हलवण्याची पद्धत मी बघितली आहे. तळाशी बसलेलं तेल आधी कार्ब्युरेटरमध्ये उतरतं, प्लग काळा होतो आणि मग लोक कॉइल बदलत बसतात. टाकीत मुद्दाम थोडंच पेट्रोल घातलं. काही गळलंच तर आवरायला सोपं. या थोड्या पेट्रोलनं पुढे वेगळंच नाटक केलं, ते येईलच.

सिलेंडर बोअर करून देणारे मिस्त्री कमी बोलणारे. सिलेंडर हातात देताना त्यांनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या. "डाव्या हाताची दोन बोटं क्लचवरून काढायची नाहीत. इंजिन थांबलं तर थांबू द्या, चाक थांबलं नाही पाहिजे."

यात सगळं आलं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलेंडर बिडाचा. उष्णतेनं ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. बोअर करताना दोघांमध्ये मोजकी फट ठेवलेली असते, आणि नव्या पिस्टनचे उंचवटे अजून घासून बसलेले नसतात. इंजिन पटकन तापवलं तर पिस्टन आधी फुगतो, सिलेंडर मागून, आणि मधली फट संपते. मग पिस्टन धरतो. चालत्या गाडीत पिस्टननं धरलं की मागचं चाक जागच्या जागी लॉक होतं. त्या क्षणी क्लच ओढलेला असला तर चाक मोकळं राहतं आणि माणूस वाचतो. बोटं मुठीवर असतील आणि तिथून क्लचवर यायची असतील, तर तेवढा वेळ मिळत नाही.

सकाळी पेट्रोलचा कॉक उघडला, कार्ब्युरेटरवरचा टिकलर, म्हणजे त्यात पेट्रोल भरून देणारं बटण, दाबून धरला. खाली पेट्रोलचा थेंब आला तसा सोडला. लिव्हर आत दाबून मागे वर फिरवला, म्हणजे तो किक झाला. चावी न लावता हलक्या हातानं एकदोनदा किक फिरवून मिश्रण आत ओढू दिलं, मग चावी लावली. चार्जिंगचा लाल दिवा लागला. आता किक अर्धवट, घाबरत मारून चालत नाही. टू-स्ट्रोक इंजिन अर्धवट किकला उलटंही फिरू शकतं, आणि उलटं फिरणारं इंजिन ऐकायला अगदी व्यवस्थित वाटतं. पहिला गिअर टाकल्यावर गाडी मागे निघते तेव्हा उलगडा होतो. मी वजन टाकून एक पूर्ण किक मारली. इंजिन एकदा खोकलं, पुढच्या किकला धरलं.

धूर भरपूर आला. जोडताना प्रत्येक बेअरिंगला, रिंगला, सिलेंडरच्या भिंतीला तेल लावलेलं असतं, ते सगळं आधी जळतं. त्यात २० ला १. मागे मित्र त्याची स्कूटर घेऊन उभा होता, डिकीत पाने, जादा प्लग, वायरचा तुकडा आणि ओढायला दोर. तो धुरातून ओरडला, "अरे, तू आहेस का अजून तिथे?"

निघण्याआधी एक गोष्ट ऐकून घेतली. रेस थोडी दिली आणि सोडली. आवाज लगेच खाली बसला. टू-स्ट्रोकमध्ये याला मी फार मानतो. रेस सोडूनही इंजिन वरच रेंगाळत असेल, हळूहळू खाली येत असेल, तर कुठून तरी फुकटची हवा आत शिरतेय: क्रँकच्या सीलमधून, कार्ब्युरेटरच्या गॅस्केटमधून. ती हवा मिश्रण लीन करते, आणि लीन मिश्रणावर नवा पिस्टन घेऊन रस्त्यावर जाणं म्हणजे जाम होण्याचं आमंत्रण. अशा वेळी कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळून आवाज खाली आणणारे असतात. आवाज खाली येतोही. हवा शिरतच राहते.

लिव्हर पुढे आणून त्याला गिअर केलं, क्लच ओढला, पहिला टाकला. किंचित खट्ट झालं आणि गाडी ढकलल्यासारखी पुढे सरकली, म्हणजे क्लचच्या प्लेटा थोड्या चिकटल्या होत्या. तेलात बसून राहिलेल्या नव्या प्लेटा पहिल्यांदा असं करतात. क्लच सोडला, गाडी निघाली.

दुसऱ्या गिअरला जावाची ती प्रसिद्ध खोड समोर आली. निघायला हातातला क्लच लागतो. पुढे गिअर बदलताना पायानं लिव्हर दाबला की आतली यंत्रणाच क्लच उचलते, मग गिअर पडतो. पाय सोडला की क्लच पुन्हा बसतो. १९४६ च्या पेराक या मॉडेलपासून जावाची ही पद्धत आहे, त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात त्या गाडीला सुवर्णपदक मिळालं होतं. वाचताना ही सोय वाटते. पहिल्यांदा चालवताना पायाला काही समजत नाही. इतर गाड्यांवर आपण लिव्हर टपकन मारून पाय काढतो. इथे लिव्हर शेवटपर्यंत दाबायचा, क्षणभर तिथेच धरायचा आणि पाय हळू सोडायचा, कारण तो पाय म्हणजे या वेळी तुमचा क्लच आहे. टपकन सोडला तर गाडी झटका देते. आणि सवयीनं पाय लिव्हरवर टेकवून ठेवला तर क्लच अर्धा उचललेला राहतो, घसरतो, आणि तुम्ही म्हणत बसता की गाडीत दम नाही. मी अंगठा लिव्हरखालून पूर्ण बाहेर काढून पाय पायदानावर मागे घेतला. तिसऱ्या गिअरला झटका कमी बसला, चौथ्याला जवळपास नाहीच. डाव्या हाताची दोन बोटं मात्र क्लचवरच होती. गिअरला त्यांची गरज नव्हती. ती मिस्त्रींसाठी होती.

वेग ४० च्या आत. टायर कोरे होते, आणि कोऱ्या टायरचा वरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत तो वळणावर भरवशाचा नसतो. ब्रेकची तर वेगळीच कथा. रिकाम्या रस्त्यावर पुढचा ब्रेक जरा जोरात दाबून पाहिला. गाडीनं वेग कमी केला म्हणण्यापेक्षा कमी करायचा विचार केला. नवे लायनर ड्रमला सगळीकडे टेकत नाहीत. ड्रमची गोलाई आणि लायनरची गोलाई घासून एक होईपर्यंत मधल्या एखाद्या पट्ट्यावरच काम चालतं. त्याला उपाय एकच, मोकळ्या रस्त्यावर मध्यम दाबानं पुनःपुन्हा ब्रेक लावायचा, मध्ये ड्रम थंड होऊ द्यायचा. मी दर थोड्या वेळानं ते करत गेलो. मागे स्कूटरवरच्या मित्राला वाटत होतं माझं काहीतरी बिनसलंय.

आवाजाबद्दल लिहिलं नाही तर जावावाले मला माफ करणार नाहीत. हलक्या रेसवर, सपाट रस्त्यावर ही गाडी सलग फायरिंग करत नाही. मध्येच एक ठोका गाळते, कधी दोन, मग पुन्हा धरते, आणि त्या गाळलेल्या ठोक्यांमुळे तिला तो तुटक, डुलणारा आवाज येतो ज्यावर लोक जीव टाकतात. यात गूढ काही नाही. रेस कमी असते तेव्हा सिलेंडरमध्ये जळून गेलेला वायू जास्त उरतो, ताजं मिश्रण कमी येतं, त्यामुळे प्रत्येक फेरीला ते पेटत नाही. एखाद-दुसऱ्या फेरीला साठून पेटतं. मिश्रण किंचित रिच, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त असलं की हे जास्त होतं. रनिंग इनमध्ये मला तो आवाज हवाच असतो, कारण तो ऐकू येतोय तोवर इंजिनाला पेट्रोल आणि तेल भरपूर मिळतंय. तो एकसलग, कोरडा, चढा झाला आणि त्यात बारीक टणटण मिसळली की बोटं आवळायची. पहिल्या फेरीत हेल्मेटच्या आतून मी सगळा वेळ हाच हिशेब करत होतो. आजूबाजूचं काही बघितल्याचं आठवत नाही.

आणि मग आवाज बदलला. तुटकपणा गेला, गाडी एकदम सलग आणि हलकी वाटू लागली, जणू तिला अचानक जोर आला. टू-स्ट्रोकवर वाढलेला माणूस अशा जोरानं खूश होत नाही. पेट्रोल कमी पडायला लागलं की क्षणभर असंच होतं. मी रेस सोडली, क्लच ओढला. इंजिननं दोनदा फसफस केली आणि बंद पडलं. गाडी मोकळी घरंगळत कडेला आली.

मित्र मागून आला. "धरलं का रे पिस्टननं?"

"थांब, आधी बघू."

घाई करून लगेच किक मारत सुटायचं नाही, हे ठरलेलं. लिव्हर किकच्या जागी आणून हातानंच हळू फिरवला. पिस्टन मोकळा होता, कॉम्प्रेशन नेहमीसारखं लागत होतं, कुठे अडत नव्हतं. म्हणजे धरलं नव्हतं. निम्मा जीव भांड्यात पडला. प्लग काढला, तोंड कोरडं आणि फिकट. ओला असता तर वीज तपासली असती, कोरडा आहे म्हणजे पेट्रोल पोचलं नाही. कार्ब्युरेटरवरून पाइप सोडला, कॉक चालू. पेट्रोल येत होतं, पण कसं? आधी एक बारीक धार, मग थेंब, मग थेंबही थांबून थांबून. फिल्टर पारदर्शक होता आणि स्वच्छ दिसत होता. मित्र म्हणाला, "कॉकमध्ये गंज आला असेल, टाकी तर तशीच होती ना?" तसं असणं अगदी शक्य होतं. साफ केलेल्या टाकीतूनही राहिलेली भुकटी पहिल्या धक्क्यांनी सुटते.

पण कॉक खोलण्याआधी पाइप तसाच लोंबता ठेवून मी टाकीचं टोपण फिरवलं. आत हवा शिरल्याचा स्पष्ट 'सुस्स' आवाज झाला आणि त्याच क्षणी पाइपमधून भक्कम धार सुटली, थेट माझ्या बुटावर.

टोपणाला श्वास घ्यायला वाट असते. पेट्रोल जसजसं खाली जातं तसतशी तेवढी हवा वरून आत यावी लागते. ती आली नाही तर टाकीत पोकळी तयार होते, आणि नुसत्या उंचीच्या जोरावर उतरणारं पेट्रोल ती पोकळी मागे खेचून धरते. टोपणाच्या आत बसवलेला रबरी वॉशर नवाकोरा होता. जुना कडक होऊन तडकला होता म्हणून बदललेला. हा नवा वॉशर टोपणातल्या हवेच्या वाटेवर अगदी चापून बसला होता. जुना वॉशर तडकलेला होता आणि त्या तड्यातूनच गाडी इतकी वर्षं श्वास घेत असणार.

स्टँडवर हे जन्मात कळलं नसतं. नुसत्या आयडलला पेट्रोल इतकं कमी लागतं की तेवढी हवा कुठूनतरी झिरपून येते. शिवाय टाकीत पेट्रोल थोडं, म्हणजे वर हवेची जागा मोठी. त्यामुळे दाब कमी व्हायला वेळ लागला आणि गाडीनं काही किलोमीटर छान पळून मग मान टाकली. टाकी काठोकाठ भरली असती तर घराच्या कोपऱ्यावरच थांबलो असतो. या दोषाची लबाडी अशी की गाडी कडेला थांबवून तुम्ही डोकं खाजवत बसता, तेवढ्यात हवा झिरपते आणि गाडी पुन्हा चालू होते. लोक मग गरम झालं की बंद पडतं म्हणून आधी स्पार्कच्या यंत्रणेतला कंडेन्सर बदलतात, मग कॉइल, मग पूर्ण वायरिंग. गरम झाल्यावर बंद पडणारा कंडेन्सर असतोही, म्हणून तर फसगत होते. प्लगचं कोरडं तोंड पाहिलं नसतं तर मीही बहुधा तिकडेच गेलो असतो.

बंद पडलोच आहोत तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचं ठरवलं. नाहीतरी थांबायचंच होतं. नव्या पिस्टनला लांबलचक संथ फेरीपेक्षा तापणं, थंड होणं, पुन्हा तापणं जास्त मानवतं असा माझा अनुभव आहे. तेवढ्यात दोन्ही चाकांच्या हबला हात लावला. पुढचा कोमट. मागचा जरा जास्तच गरम, म्हणजे ब्रेक किंचित घासत होता. रॉडचा नट थोडा मागे घेतला. क्लचची केबल हाताला ढिली लागली. निघताना नेमका ठेवलेला मोकळेपणा दुपटीनं वाढला होता, कारण नवी केबल पहिल्या ताणाला लांबते आणि तिचं आवरण दबून बसतं. ॲडजस्टर फिरवून पुन्हा जागेवर आणली. सिलेंडर हेडच्या कडेला तेलाची ओली रेघ आहे का ते बोट फिरवून पाहिलं. बोट कोरडं आलं. इंजिनवर हात ठेवता यायला लागला तेव्हा निघालो, टोपण अर्धं सैल ठेवून, पेट्रोल हिंदकळणार नाही अशा बेतानं.

परतताना उतार होता. उतारावर चार-स्ट्रोक गाडीवाला रेस सोडून इंजिनाच्या ब्रेकवर निवांत उतरतो. टू-स्ट्रोकमध्ये रेस बंद म्हणजे पेट्रोल बंद, आणि पेट्रोल बंद म्हणजे तेल बंद. चाकं मात्र इंजिन फिरवतच राहतात. पिस्टन कोरडा घासत जातो. म्हणून क्लच ओढून मध्येमध्ये रेसची एक हलकी पिळ द्यायची, थोडं तेल आत जाऊ द्यायचं. यामुळे उतारावर माझी गाडी दर थोड्या वेळानं 'ढंग' करत होती आणि मागचे लोक हॉर्न वाजवत होते. वाजवू देत.

इंजिन आता सकाळपेक्षा मोकळं लागत होतं. धूर पातळ झाला होता. चौथ्यात, ३५ च्या आसपास, तो तुटका आवाज परत आला. तेव्हा मात्र मी हेल्मेटमध्ये एकटाच हसत होतो हे खरं आहे. मित्रानं नंतर सांगितलं की मी मागून गाताना दिसत होतो. दिसत असेन.

घरी आल्यावर लगेच पाने चालवले नाहीत. इंजिन रात्रभर गार होऊ दिलं, मग हेडचे नट तिरप्या क्रमानं पुन्हा तपासले. नवं गॅस्केट पहिल्या तापण्यात दबतं आणि नट सैल नसूनही ताण सुटतो. चारही नट थोडे थोडे फिरले. स्पोक एकेक करून पान्यानं वाजवून पाहिले. मागच्या चाकात काही बद्द वाजले, तेवढे ताणले आणि रिम फिरवून पाहिली. पुढचा ड्रम उघडला तर लायनरवर चमकलेला पट्टा एका टोकाकडेच होता, उरलेला भाग अजून निबर. तेवढंच टोक जरा घासून पुन्हा बसवला. प्लग या वेळी तपकिरी होता, कडेला काळपट. रनिंग इनच्या मिश्रणाला मला असाच हवा. पांढरट असता तर पुढची फेरी काढलीच नसती, आधी कार्ब्युरेटर उघडला असता.

टोपणाच्या वॉशरला हवेच्या वाटेसमोर ब्लेडनं खाच पाडली, टोपण लावून मागून तोंडानं फुंकून पाहिलं. हवा जाते. ही फुंकर आता माझ्या तपासणीत कायमची आली आहे. गाडी कुणाचीही असो, टाकीला नवा वॉशर दिसला की मी आधी टोपण तोंडाला लावतो, बघणाऱ्यांना काय वाटायचं ते वाटो.

स्पीडोमीटरचा काटा ३० च्या पुढे गेला की १० ते ५० असा नाचतो. त्याची केबलही नवीनच आहे. रविवारी तीच काढणार.